फोनचं कुलूप

५ जानेवारी १९८६, रविवार
फोन आला! म्हणजे यंत्र आलं. अर्ज केला तेव्हा आमची लेक मालिनी शाळेत होती. आता ती लग्न करून मुंबईला... तो विषय नको. आळीतला पहिला फोन! ओटीवर ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. उमेने हळदकुंकू वाहिलं. डायलला पितळी कुलूप, किल्ली माझ्या जानव्याला.
संकल्प: फोन लोकसेवेसाठी. पण कोणी, कधी, किती बोलायचं ते मी ठरवणार. नाहीतर नुसता शिमगा व्हायचा.

६ जानेवारी
मालिनीचा फोन येणारच. नंबर तिला कुठूनतरी कळेलच. आपण म्हणायचं, "कोण मालिनी?" मग ती रडेल. मग दोन मिनिटांनी माफ करायचं. आरशासमोर म्हणून पाहिलं. 'कोण' वर आवाज चिरकतो. सराव हवा.
माझ्या मनाविरुद्ध लग्न केलंन तेव्हा मीच उमेला बजावलं होतं, ह्या घरात तिचं नाव निघता कामा नये. उमेने ऐकलं. ती ऐकतेच. आमच्या लग्नात तांदळात अंगठीने उमा हे नावसुद्धा मीच लिहिलं, हरिहराला म्हणजे मला शोभेलसं. माहेरचं काय होतं ते आता तिलाही आठवत नसेल.

१२ जानेवारी, रविवार, सकाळी नऊ
मुंबईहून पहिला ट्रंक कॉल! मुद्दाम तिसऱ्या रिंगला उचलला. लगेच उचलला तर वाट बघत बसलोय असं दिसतं. एक्स्चेंजचा दादू म्हणाला, पी.पी. कॉल आहे, एकाच माणसाच्या नावाने, काशी आहेत का? मी म्हटलं, ह्या घरात काशी नाही. संपलं.
उमा तिथेच वाल सोलत बसली होती. हसल्यासारखी वाटली. बऱ्याच महिन्यांनी हसली.

१९ जानेवारी, रविवार
पुन्हा काशी! दादूला खडसावलं. तेव्हा कळलं. पी.पी. कॉलमध्ये मागितलेला माणूस जागेवर नसेल तर पूर्ण पैसे पडत नाहीत. म्हणून लोक ठरवून नसलेल्या माणसाला मागतात. इकडून 'नाही' म्हटलं की खुशाली पोचली, जवळजवळ फुकटात. सरकारची लूट, आणि तीही माझ्या ओटीवरून!
संशय बागेच्या राखणदारावर, भागोजीवर. त्याचा भाऊ मुंबईत. विचारलं तर म्हणाला, "आमच्यात कोन काशी नाय, भाऊ. बायकोचा नाव राही, आयशीचा तुळसा." चेहरा अगदी गरीब. मी ओळखून आहे. त्याला आजपासून फोन बंद.
मालिनीचा फोन नाही. ट्रंक लाइन ह्या काशीनेच अडवली असणार.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनाहून परत आलो तर उमा फोनपाशी. "काशी नाही," म्हणाली आणि तरी रिसीव्हर कानाला धरून उभीच. डोळ्यांत पाणी. म्हणाली, कांदा चिरत होते. जेवणात कांदा नव्हता. बायकांचं काही कळत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
आज मूळच उपटलं. सकाळीच एक्स्चेंजवर गेलो. दादूला सांगितलं, काशीच्या नावाने काहीही आलं तरी इकडे जोडायचं नाही, परस्पर 'नाही' सांगायचं. तो म्हणाला, काका, एकदा घरात विचारा. मी म्हटलं, घर म्हणजे मी. हंगामात आंब्याची पेटी देतो म्हटल्यावर पटलं त्याला.
रात्री जेवताना उमेला सांगितलं. वाटलं कौतुक करील. म्हणाली, अहो, राहू दे ना, कोणाचं काय जातंय? एकदा नाही, दोनदा म्हणाली. लग्न झाल्यापासून कुठली गोष्ट तिने दोनदा मागितली नव्हती. पण नियम म्हणजे नियम.

६ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार
बाजारात दादू भेटला. काल संध्याकाळपासून काशीला एकामागून एक कॉल म्हणे. सगळे परतवले. पलीकडे कोणी पोरगी रडत होती. नाटकं!
घरी येऊन उमेला ही गंमत सांगितली. तिने विचारलं, आज वार कुठला? गुरुवार म्हटलं तर हातातलं काम टाकून उठली. मग पिशवीत लुगडी भरायला लागली.

त्याच दिवशी, संध्याकाळ
तार आली. मूल गेलं, मालिनी बरी आहे.
मूल? मला कोणी बोललं नव्हतं. कसं बोलणार? नाव काढायचं नव्हतं ना.
उमा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, काशी मीच. माहेरी, हेदवीला, मला काशी म्हणायचे. रविवारी कॉल आला की पोर खुशाल. मधल्या वारी आला की मी बाळंतपणाला निघायचं, असं पत्रातून ठरलं होतं. जावई बोटीवर, पोरीजवळ कोणी नाही. मी 'नाही' म्हणायची, तेवढाच तिला आईचा आवाज. पहिल्या रविवारी तुमचा ऐकलान. बाबांचा खोकला बरा झालाय वाटतं, असं शेजारणीकडे आलेल्या पत्रात लिहिलंन.
मुंबईच्या रातराणीला बसवून दिलं. म्हटलं, पोचल्यावर पूर्ण कॉल कर, खर्चाकडे बघू नको, मालिनीलाही दे. नुसतं, कळवते, म्हणाली. माझ्याकडे बघितलंन नाही.

७ फेब्रुवारी
कुलूप काढलं. फोन उशाशी घेतला. पहिल्या रिंगलाच उचलायचा. 'कोण मालिनी' रद्द. काय म्हणायचं ते सुचत नाही.
फोन नाही. गाडी घाटात अडकली असेल. आपणच करावा म्हटलं तर तिचा नंबर मला कुठे माहीत आहे?

८ फेब्रुवारी, शनिवार
लाइनच बिघडली असणार म्हणून एक्स्चेंजवर गेलो. दादू म्हणाला, लाइन ठणठणीत आहे, काका. आणि तुमचं काम चोख चाललंय. काल सकाळी पुन्हा एक आला होता काशीला. ह्या वेळी म्हातारी बाई होती. परस्पर सांगून टाकलं, त्या घरात काशी नाही. बरं, म्हणाली आणि ठेवलंन.
बरोबर केलंस म्हटलं.
घरी आलो. भात करायला गेलो तर तांदळाचा डबा सापडेना.
दादू काही खोटं बोलला नाही. ह्या घरात काशी नाही.