देवाशी अबोला

२३ एप्रिल
पुन्हा लाल पक्षी! माझी नणंद लव्हॉन फोनवर सांगत होती — सकाळी खिडकीत कार्डिनल येऊन बसला, म्हणजे आपला व्हर्लिनच भेटून गेला, देवानंच पाठवला. मी म्हटलं, तुझ्या खिडकीत दाणे असतात. नवरा गेला माझा, आणि खुणा मिळतात हिला!

२६ एप्रिल
चर्चला गेले नाही. जानेवारीत व्हर्लिनला पुरलं, तेव्हापासून देवाशी अबोला आहे. जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा बंद. ती तोच म्हणायचा — घाईघाईत, एक डोळा उघडा ठेवून बटाट्यांवर. आठवून हसू आलं. मग रडू. मग परत हसू.

४ मे
ऑरिन त्वेइटची बायको गेर्डा गेली. दुःखाच्या घरी हॉटडिश, म्हणजे खिमा-बटाट्याचा भाजलेला पदार्थ, न्यायची चर्चच्या बायकांतली यंदाची पाळी माझी. पाळी चुकवली तर हे गाव क्षमा करेल, पण विसरणार नाही.

न्यायला हरकत नाही, पण तिथे बोलू काय? माझ्याकडे आलेल्या सगळ्या जणी 'तो आता चांगल्या जागी आहे' म्हणून गेल्या. त्याला ही जागा चांगली आवडत होती!

७ मे, गुरुवार
हॉटडिश करपली! ओव्हनमध्ये ठेवली आणि मी व्हर्लिनच्या शर्टांच्या घड्या घालत बसले. दुसरी करायला वेळ नव्हता. तशीच नेली.

दार ऑरिननंच उघडलं. शाळेपासूनचा ओळखीचा माणूस, पण चेहरा पार उतरलेला. मी एका दमात सांगून टाकलं, "करपलीय. आणि समजूत घालणं मला जमत नाही. माझं नि देवाचं सध्या बोलणं बंद आहे."

तो बघतच राहिला. मग हसायला लागला, दाराला टेकून, पोट धरून. मलाही आवरेना. वरचा काळा थर खरवडून आम्ही खालचा खिमा भांड्यातूनच खाल्ला. गेर्डाही करपवायची म्हणे, आणि दर वेळी दोष ओव्हनला! अख्खी दुपार तिच्या नि व्हर्लिनच्या खोड्या सांगण्यात गेली. तोंडात अजून करपट चव आहे. फार बरं वाटतंय.

१२ मे
ऑरिन भांडं परत द्यायला आला. रिकामं द्यायचं नसतं, म्हणून त्यात परसातल्या रूबार्बचे आंबट दांडे. निघताना हातातली टोपी फिरवत म्हणाला, "त्या गुरुवारी सकाळी मी देवाला म्हटलं होतं — समजूत घालणारी माणसं पुरे झाली. असशील तर तुझ्यावर चिडलेलं एखादं पाठव. तोंडातून शब्द निघतात न निघतात तोच तुझी गाडी दारात."

तो गेला तरी मी दारातच उभी. देवानं मला विचारलंसुद्धा नाही! अबोला धरलेल्या बाईलाच कामाला लावलं! इतका आनंद झाला, की रूबार्ब तसाच ओट्यावर राहिला.

१३ मे
जेवणाआधी हात जोडले. म्हटलं, "बरं, बोल. आता कुणाकडे पाठवतोस?"