बाबांना हसवायचं नाही

५ जाने., सोम.

कल्याणहून परत आलो. बाबांच्या घशातली, स्वरयंत्रावरची गाठ काढली. तुकडा तपासायला गेलाय. रिपोर्टला वेळ लागेल. गाठ कसली ते तेव्हाच कळणार.

तोपर्यंत बाबांनी बोलायचं नाही. कुजबुजायचं नाही, त्याने उलट ताण जास्त येतो. खाकरायचं नाही. हसायचं नाही.

आई डॉक्टरांना म्हणाली, "बोलायचे नाय ते. पन हसायचं कोन सांगनार त्यांना?"

तंबाखू सोडून किती वर्षं झाली, असं डॉक्टरांनी विचारलं. बाबांनी दहा बोटं वर केली. आईने त्यातली सहा खाली दुमडली.

डॉक्टर मोठ्याने हसले. त्यांना परवानगी आहे.

६ जाने., मंगळ.

कामावर गेले. कारखान्यात सगळे विचारत होते. "ठीक" म्हटलं. जास्त सांगायला माझ्याकडेही काही नाही.

रात्रीचं जेवण. बाबा मुरबाड डेपोला कंडक्टर होते तेव्हापासून जेवताना रोज एक किस्सा सांगतात. गाडीतला. निवृत्त झाल्यावर बाजारातला. आई हसते. मी ऐकते. माझा चेहरा तसाच आहे, त्याला इलाज नाही.

आज किस्सा नाही. आमटी भुरकण्याचा आवाज एवढा मोठा असतो हे पहिल्यांदा कळलं.

मग बाबांनी चमचा ताटावर दोनदा आपटला आणि माझ्याकडे बोट केलं. दोनदा म्हणजे डबल बेल: जाऊ दे गाडी. एकदा म्हणजे सिंगल: थांबव. या घरात हे बाराखडीच्या आधी शिकवलं जातं.

म्हणजे किस्सा मी सांगायचा.

मोजमापाची यंत्रं तपासून दुरुस्त करणं हे माझं काम. त्यात किस्से नसतात. तरी सांगितलं. एक प्रेशर गेज शून्यावर येत नव्हता. काटा शून्याच्या जरा पुढे अडकायचा. मी आधी काच काढली, मग...

टण.

सिंगल. गाडी काच काढण्यापाशीच थांबली.

८ जाने., गुरु.

शेजारच्या सुमनकाकू बघायला आल्या. बाबा बोलत नाहीत म्हटल्यावर त्यांना ऐकूही येत नसणार, असं त्या धरून चालल्या. दारातूनच ओरडल्या, "बरं हाय का आताऽऽ?" समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

बाबांनी हाताने 'बरं' केलं. त्यावर काकूही हातवाऱ्यांवर आल्या. झोप लागते का, जेवण जातं का, सगळं हातांनी. जेवणासाठी घास, झोपेसाठी मान वाकडी. दोघांचे कान उत्तम आहेत. खोलीत संपूर्ण शांतता.

आई चहा घेऊन आली, म्हणाली, "सुमन, तुला काय झालाय गो?"

बाबांनी तोंड उशीत खुपसलं. खांदे हलत होते. आई माझ्यावरच रागावली. मी काहीच केलं नव्हतं.

रात्री जेवताना माझी बारी. आज काही घडलं नाही, म्हटलं. निकाल: सिंगल. "काही घडलं नाही" याला बाबांच्या लेखी मान्यता नाही.

१० जाने., शनि.

चमच्याने ताटाला पोचे पडायला लागले म्हणून बाबांनी देवघरातली घंटी घेतली. आईने ती धुऊन परत ठेवली. "देवाला वाटंल आरती झाली, अन नैवेद्य कुठाय?"

११ जाने., रवि.

गोटीराम काका आले, शहापूरहून. बाबांच्या गाडीवर वर्षानुवर्षं ड्रायव्हर. बाबा त्यांना 'डायवर' म्हणतात, ते बाबांना 'कंडक्टर'. नावं फक्त लग्नपत्रिकेत वापरतात.

म्हसा गावच्या जत्रेतून आले होते, तिथल्या बैलबाजारातून पितळी घंटी घेऊन. "बैलाची हाय कंडक्टर, पन तुलाच शोभंल."

मग काका सुरू झाले. बैल, बैलाचे भाव, जावई, जावयाची मोटरसायकल, पुन्हा बैल. बाबा मान डोलवत होते. काका आजाराकडे वळले. "माझ्या मेव्हन्याच्या चुलत्याला असाच झालेला गळ्यात, तो बिचारा..."

बाबांनी घंटी एकदा वाजवली.

काका तिथेच थांबले. तोंड उघडं, कप अर्ध्यावर. आणि उजवा पाय जमिनीवर कचकन दाबलेला. खरोखर ब्रेक दाबला माणसाने. मी बघितलंय.

आई पदर तोंडात धरून आत पळाली. काकांनी खाली आपल्या पायाकडे बघितलं. "च्यायला," म्हणाले, "अजून लागतो ब्रेक."

बाबांनी दोनदा वाजवली. काका पुन्हा सुरू. मेव्हण्याचा चुलता मात्र मागच्या थांब्यावरच उतरला.

जाताना काकांनी मला बाहेर गाठलं. "रिपोर्ट कदी हाय पोरी?"

"फोन येईल म्हणालेत."

"एसटीने जा. जीपमदी धक्के बसतात त्याला." मग बराच वेळ गाडीबद्दलच बोलत राहिले, कुठल्या बाकावर कमी धक्के बसतात वगैरे. नजर अंगणावर.

१२ जाने., सोम.

घंटी खिशात ठेवून बाबा परसात फेऱ्या मारतात. आत बसलं की वाटतं बैल चरतोय.

आई: "बरा झाला. लग्न झाल्यापासून पैल्यांदाच कळतंय, हा मानूस कुठं हाय."

माझा किस्सा. कामावरून येताना जीपमध्ये शेजारच्या बाईच्या पिशवीत कोंबडा. डोकं बाहेर. मागच्या माणसाचा फोन वाजला, रिंगटोन कोंबड्याच्या आरवण्याची. पिशवीतला कोंबडा आरवला. फोन पुन्हा आरवला. हा पुन्हा. माणूस घाबरून खिसे चाचपत होता. बाई म्हणाली, "उचला की वो! माझा कोंबडा कवाचा हॅलो करतोय." फोन शेवटी बंद झाला. कोंबडा घरापर्यंत बंद झाला नाही.

डबल. पुन्हा डबल. मग बाबांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, डोळ्यांतून पाणी.

आई ओरडली, "हसवू नको गो त्यांना! डाक्टरनी काय सांगितलाय?"

इतक्या वर्षांत मला हे वाक्य पहिल्यांदा कोणी म्हणालं. रागवायला हवं होतं. राग आला नाही.

१४ जाने., बुध. संक्रांत

सकाळपासून लोक तिळगूळ घेऊन येतायत आणि बाबांना सांगतायत, गोड बोला. निम्म्यांना म्हणून झाल्यावर कळतं. मग त्यांचे चेहरे.

बाबा प्रत्येकाला घंटी वाजवून दाखवतात, अगदी हळू, गोड. पोस्टमनने तिला नमस्कार केला.

शेवटी मी तिळगूळ दिला. "घ्या," म्हटलं नुसतं. बाबांनी लाडू तोंडात टाकला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मी उठून भांडी आवरली.

१६ जाने., शुक्र.

आता दिवसभर बघत असते. हे नवीन आहे. पूर्वी काट्याकडे बघायचे. हल्ली काटा धरणाऱ्या माणसाकडेही लक्ष जातं. रात्री काहीतरी न्यायचं असतं.

आजचा. कॅन्टीनमध्ये भजी तोलून देतात. मला दिसलं की तिथला वजनकाटा चुकतो, माल असतो त्यापेक्षा हलका दाखवतो. दुरुस्त करून देते म्हटलं. कॅन्टीनवाल्या मावशींनी पटकन काट्यावर पदर टाकला. "म्याडम, हात नका लावू. हा खोटा हाय म्हनून तुमची पोटं भरतात. खरा केला तर चार भजी कमी येतील, अन मग बोंब मारायला तुमीच याल."

मी काटा तसाच सोडला. नोकरीत पहिल्यांदा. भजी खाल्ली. जास्त होती.

निकाल: डबल. आणि वर टाळी, आवाज न करता.

हसणं किती होतंय याची मला काळजी वाटते. म्हणून आजकाल किस्सा सांगताना मध्येच बाबांचा गळा बघते. आवाज येत नाही तोवर ठीक धरते. हे माप कुठल्या पुस्तकात नाही. जास्त चांगला किस्सा असला तर शेवट थोडा पाडून सांगते. आईला संशय आलाय. "काल याहून बरा सांगत व्हतीस."

१९ जाने., सोम.

कल्याणहून फोन. रिपोर्ट आलाय. काय आहे विचारलं. "पेशंटला घेऊन या, डॉक्टर सांगतील." हे वाक्य ते सगळ्यांनाच म्हणत असतील. बाईचा आवाज नेहमीसारखा होता. तिचा नेहमीचा आवाज कसा असतो ते मला माहीत नाही.

परवा जायचं.

रात्री आईने बाबांना दोनदा भात वाढला, दोघांच्याही लक्षात आलं नाही. बाबांनी माझ्याकडे बघून डबल दिली. माझ्याकडे आज काही नव्हतं. डबल. नाही हो बाबा, खरंच नाहीये. डबल.

मग तोच सांगितला. तो प्रेशर गेज, शून्यावर न येणारा. काच काढली. काटा बघितला, सरळ होता. मग आतली स्प्रिंग. जिथे मागे थांबवलं होतं तिथून पुढे गेले, आणि बाबा दर वाक्याला डबल देत राहिले. स्क्रू कसा ढिला केला. काटा कसा पुन्हा बसवला. हसण्यासारखं त्यात काहीही नाही. शेवटपर्यंत ऐकला.

आईने विचारलं, "मग आला का तो शून्यावर?"

आला, म्हटलं.

२१ जाने., बुध. कल्याण, दवाखान्याच्या बाकावर

नंबर यायला वेळ आहे. लिहितेय.

एसटीने आलो. काकांनी सांगितलेला बाक. बाबांनी घंटी आणली होती. वाजू नये म्हणून मी ती रुमालात गुंडाळून माझ्या पर्समध्ये ठेवली.

मामणोलीला गाडी थांबली. कंडक्टर तरुण, नवा, तिकिटाच्या मशीनमध्ये मान घातलेली. त्याने डबल दिली, गाडी हलली. मागून एक म्हातारी पळत येत होती, डोक्यावर भाजीची पाटी, एक हात वर. आम्हाला खिडकीतून दिसत होती, त्याला नाही. बाबांनी ओरडायला तोंड उघडलं. मिटलं. मग उभे राहिले आणि वरची घंटीची दोरी ओढली. एकदा.

गाडी जागच्या जागी थांबली. म्हातारी चढली, कोणाला तरी शिव्या देत.

"दोरी कोनी वडली?" कंडक्टर तापला. "ओ, कोनी वडली?"

बाबांचा हात अजून वरच होता. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"मी," मी म्हटलं. मी खिडकीशी बसले होते. माझा हात दोरीपर्यंत पोचत नाही, हे कोणालाही दिसत होतं.

"म्याडम, शिकलेल्या दिसता."

"हो."

"नियम म्हायतीय ना? प्याशिंजरनी दोरी वडायची नसते."

"माहितीय. माझे वडील कंडक्टर होते."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग वर राहिलेल्या त्या हाताकडे. मान वळवून जराशी लवकरच डबल दिली. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले, खांदे गदागदा. आई त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती, "हसू नका, हसू नका वो," आणि स्वतःच हसत होती. पार कल्याण येईपर्यंत.

इथे आल्यावर मात्र तिघंही दाराकडे बघतोय.

(नंतर)

नाव पुकारलं. आई उठली. बाबा उठले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर दारावर. पुन्हा पुकारलं. आईने माझ्याकडे बघितलं. चला बाबा, असं मी म्हणायला हवं होतं. गळ्यातून आवाज निघेना, आणि मला तर कोणी मनाई केलेली नाही.

पर्स उघडली. रुमाल सोडला. घंटी दोनदा वाजवली.

अख्ख्या दवाखान्याने वळून बघितलं. काउंटरवरची बाई म्हणाली, "अहो, इथे शांतता..."

बाबा उठले. शर्ट खाली ओढून नीट केला, पूर्वी ड्यूटीवर निघताना करायचे तसा, आणि आत गेले. मागून आई. आत दोघांनाच घेतात. दार लावलं.

मी बाहेर आहे. दारातून डॉक्टरांचा आवाज येतो, शब्द लागत नाहीत. आईचा येत नाही.

आता एकदा हसण्याचा आवाज आला. छोटा, खरखरीत. डॉक्टर मोठ्याने हसतात, हे मी ऐकलंय; हा आवाज तो नव्हे. बाबांचं हसणं कसं ऐकू यायचं ते आठवून बघतेय.

पेन थांबवून ऐकतेय