वीतभर जागा

३ मार्च
सात महिने काही लिहिलं नाही, क्षमा असावी. (मागतोय कोणाची? तरीही.) काहीतरी चांगलं घडलं की लिहू, म्हणून थांबलो होतो. घडलं नाही.
छपरावरची सोलर पॅनेलं तीन वर्षांत म्हातारी झाली. पूर्वी बॅटरी दुपारीच भरायची, आता संध्याकाळपर्यंत जेमतेम अर्धी. वीज गेली की बाबांचं श्वासाचं मशीन या बॅटरीवरच चालतं. दादा म्हणतो, बाबांना माझ्याकडे पाठव. महिनाअखेरची मुदत मागून घेतली. तोवर बॅटरी फुल करून दाखवणार.

५ मार्च
फिटर येऊन गेला. म्हणाला, "साहेब, बसवतानाच बोललो होतो. वीतभर वर उचला, जरा तिरकी ठेवा, खालून वारा खेळू द्या. तुम्ही पत्र्याला चिकटवायला लावलीत. भाजून निघाली. वर धुळीचा थर." मी म्हणालो, वादळात उडाली असती. माझं बी.एस्सी. आहे.
नंतर स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, चूक माझी का? दहा मिनिटं विचार केला. नाही. हवामानाची. पूर्वी एवढं ऊन कुठे होतं?

१२ मार्च, दुपारी १
थर्मामीटर पॅनेलखाली सरकेना, जागाच नाही. वरून मोजलं. ६८ अंश. थर्मामीटर बिघडलेला असावा.
उपाय सुचला: रोज भर दुपारी गार पाण्याची बादली. बायको म्हणाली, "गरम ग्लासात मी फ्रिजचं पाणी ओतलं तर घर डोक्यावर घेतोस." तिचं आर्ट्स होतं.

१३ मार्च
बादली ओतली. 'टक्' असा आवाज आला. पॅनेलला बरं वाटलं असावं.

१४ मार्च
काचेवर रेघ. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. पक्षी?

२० मार्च
दुपारी तीनला वीज गेली. मशीन चाळीस मिनिटं चाललं, मग नुसतं बीप बीप. बाबा उशीवर ओणवे, ओठ निळसर. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. दुसरं काय करावं, सुचेना. बायको शेजाऱ्यांची गाडी काढायला धावली. तेवढ्यात वीज आली.
बोलता यायला लागल्यावर बाबा म्हणाले, "अरे, तुझ्या पॅनेलांचा आणि माझा आजार एकच. हवा पोचत नाही." आणि हसले. त्या हसण्यापायी पाच मिनिटं खोकत होते.


३१ मार्च
दादा बाबांना घेऊन गेला. टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. त्याच्याकडेही याच फिटरनं बसवलेली पॅनेलं आहेत. तिरकी, वीतभर वर.
वादळाचं मी सगळ्यांना सांगितलं होतं. तीन वर्षांत एकही आलं नाही. खरं म्हणजे वर उचललेली पॅनेलं रस्त्यावरून बेढब दिसली असती. एवढंच होतं. आज पहिल्यांदा लिहिलं.
बाबांची खोली आवरली. त्यांना आडवं झोपता येत नाही, म्हणून पाठीशी उंच उशी लागते. ती इथेच राहिली.

उद्या: उशी दादाकडे पोचवणे.