पल्लवीच्या भांड्यांचं पार्सल

मंगळवार, दिवेलागणीनंतर

आज पोस्टात गेलतो. पाटण्याहून पल्लवीची भांडी मागवायची तर पार्सलला काय पडेल, ते विचारायला. पोरगी वारली त्याला वर्ष झालं. जावयाचं घर आपल्याच भागातलं, धंद्यापायी तिकडं गेलेलं. जावई आता दुसरं लग्न करतायत. नवी सून पहिलीचं नाव घातलेली भांडी वापरणार नाही, म्हणून विहीणबाईंनीच कळवलं होतं. न्यायची तर न्या म्हणे. जशी काय अडगळ.

काउंटरवरच्या बाईंनी वजन विचारलं. पितळेची कळशी, परात, तांब्याचा हंडा. मी खुळ्यासारखा हातानं आकार दाखवत बसलो. मग अंतर. जितकं लांब तितका दर चढा, आणि पाटणा पार लांबच्या टप्प्यात. "काका, एवढ्यात इथं नवीन येतील की," बाई म्हणाल्या. चुकीचं काहीच बोलल्या नाहीत. पण नवीन घेऊन त्यावर नाव कुणाचं घालू?

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "सगळी नकोत. कळशी तेवढी आणा. तिच्यावर नाव मी समोर बसून घालून घेतलंय." एकट्या कळशीचं जमण्यासारखं होतं. लगेच फोन लावला.

विहीणबाई गोड बोलल्या. "आता कशाला खर्चात पडताय, पावणं? नावं घासून घेतली सगळी. कळत बी न्हाई आता."

फोन ठेवला तर ही दारात उभी. कळशी कधी येणार, विचारत होती.

म्हणालो, लांबचं अंतर हाय, वेळ लागंल.