दांडी वाकलेली सतार

रविवार, संध्याकाळ

दिनकरने ती सतार स्वतःच घेतली. तीच. भोपळ्यावर अंगठ्याएवढा काळपट डाग असलेली.

मागच्या महिन्यात मिरजेच्या दुकानात मी ती तासभर पारखली होती. वाचून, ऐकून जेवढं कळतं तेवढं सगळं पणाला लावून. तार छेडली की आवाज विरेपर्यंत गोल राहायचा. माझी पहिली सतार हीच, असं मनाशी ठरलंही होतं. पण दिनकर कित्येक वर्षं वाजवतो, म्हणून मीच त्याला साताऱ्याहून सोबत नेलेलं. त्याने एक डोळा मिटून दांडीवरून पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाला, "वाकलीया गड्या. पुढं लय तरास देईल." मी दुसरी घेतली. तिचा आवाज पत्र्यासारखा.

आज सहज त्याच्या घरी गेलो, तर ती दिवाणावर. डाग लगेच ओळखला. दांडीच्या टोकाला डोळा लावला. सरळ, अगदी सुतात.

"वाकलेली होती ना?"

"आरं, तू अजून शिकणार. तुला कुठली बी चालतीया," तो चक्क हसला. "रागावलास व्हय? मंगळवारपासनं ये, शिकवतो."

सतार गेल्याचं दुःख आहेच. पण माझ्या कानाने बरोबर निवडली होती, आणि मी कान सोडून त्याचा डोळा खरा मानला. रेडिओ दुरुस्तीपासून मोडी वाचण्यापर्यंत सगळं मी एकट्याने शिकलो. मग मंगळवारी येतो, असं का म्हणालो?