प्रेमानंदाचा टॉवर

४ नोव्हेंबर
सेनगावच्या जीपमधून उतरलो, बॅग टाकली अन् टॉवर बघूनच खूष झालो. पायथ्याशी खोली, भोवती सगळी तूर. हिंगोलीकडून येणारा सिग्नल आमची डिश घेते अन् पुढं नरसीच्या टॉवरला देते. त्यावर गावोगावच्या शाळा-दवाखान्यांचं नेट चालतं. डिश जराशी हलली की सिग्नल पडतो. तो पडू द्यायचा न्हाई, एवढीच माझी नोकरी.

डबा शेजारच्या शेतातल्या द्वारकाबाई देतात. ठेचा झकास. म्हणाल्या, प्रेमानंदालाबी लई आवडायचा. प्रेमानंद म्हणजे माझ्याआधीचा माणूस. उन्हाळ्यात ह्याच टॉवरवरून पडून गेला. ऐकून वाईट वाटलं.

९ नोव्हेंबर
आता वाईट वाटत न्हाई. जो येतो तो प्रेमानंदाचंच गुणगान गातो. त्याच्या काळात नेट कधी गेलंच न्हाई म्हणे. माझं नाव विजयकुमार, पण मला सगळे ‘प्रेमानंदाच्या जागेवरचा’ म्हणतात. जळतो मी, सरळ लिहितो. जित्या माणसाशी बराबरी करता येते. मेलेल्याशी कशी करावी?

१२ नोव्हेंबर
त्यानं लावलेली डिश आज सैल केली. बिघाड काहीच नव्हता. मला ती माझ्या हातची पाहिजे होती. आता सिग्नल धड येईना. शाळेतल्या शिला मॅडम बोलून गेल्याच, प्रेमानंद असता तर ही तकलीफ नसती.

१३ नोव्हेंबर
जमलं! डिश एकट्यानं लागत न्हाई. एकानं वर चढून ती केसभर फिरवायची, दुसऱ्यानं नरसीच्या टॉवरवर मीटर बघून वॉकीटॉकीवर सांगायचं. तिथं सोनाजी असतो. डावीकडं, जरा वर, बास, असं त्यानं शांतपणे सांगितलं. सिग्नल पहिल्यापेक्षा चांगला. आता घ्या म्हणावं माझं नाव.

१४ नोव्हेंबर
सोनाजी हात जोडून आला. काल तो बायकोला घेऊन दवाखान्यात होता, नरसीच्या टॉवरवर गेलाच न्हाई. साहेबाला सांगू नका म्हणाला. मग मला कोण सांगत होतं? मी आवाजाची नक्कल करून दाखवली. सोनाजी दोन पावलं मागं सरला. म्हणाला, हा प्रेमानंद.

१५ नोव्हेंबर
म्हणजे हेबी त्याचंच. भीतीपेक्षा रागच जास्त आला. डिश पुन्हा सैल केली. वॉकीटॉकीची बॅटरी काढून ठेवली. तरी बोलला—
“माझी भाकर खाऊन राहिला. माझ्या खोलीत निजून राहिला. काहून?”
मला वाटत होतं, मी एकटाच जळतो.

१६ नोव्हेंबर
वर बसूनच लिहून राहिलो. नेट बंद, दवाखान्यातून फोनवर फोन. डिशचा नट हाताला येईना. तो म्हणतो, टॉवरला बांधलेला कमरेचा पट्टा सोड, हात पोचंल. न्हाई सोडणार.

द्वारकाबाई खाली डबा घेऊन आल्या. वर बघून हसल्या. हाक मारली—“प्रेमानंदा, उतर बाबा, जेवून घे.”

माझ्याकडं न्हाई. माझ्या खांद्याच्या मागं बघून—

ओ दिली कुणीतरी. मी न्हाई दिली. द्वारकाबाई, मी हाय इथं, मी—

पट्ट्यावर हात. माझा न्हाई. गार—

माझं नाव तरी घ्या कुणी, माझं ना