मतदानापुरतं माहेर

प्रिय भाऊ,

फोन सोडून पत्र कसं काय, म्हणून घाबरू नकोस. सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू मधेच "बरं, ठेवतो वं" म्हणतोस आणि माझं अर्धं बोलणं पोटातच राहतं, म्हणून लिहिते आहे.

शाळेतून यंदा मला मतदार नोंदणीची ड्युटी लागली. सक्करदऱ्यातल्या आमच्या भागात नवी नावं दर वर्षी कमीच होत चालली आहेत, ती वाढवा, असा वरून हुकूम. दारोदार फिरले. पोरं म्हणतात, नोकरीला पुण्यालाच जायचं, इथे नाव कशाला? पण खरी पंचाईत नव्या सुनांची. सून दोन-दोन वर्षं घरात नांदते आहे, सासू नातवाची वाट बघते आहे, आणि मतदार यादीत सुनेचा पत्ता नाही. नाव माहेरी. ते इथे आणू म्हटलं की हिच्या डोळ्यांत पाणी. एकीच्या वडिलांनी तर फोनवर मलाच झापलं, "मॅडम, आमच्या पोरीचं नाव काहून कापून राहिल्या? तिनं का केलं तुमचं?"

शेवटी शेजारच्या यमुताईंनी डोकं चालवलं. संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांच्याकडे होतं. सुनांनी येताना आधार कार्ड आणायचं, असा निरोप घरोघर गेला. इकडे वाण लुटणं चालू आणि कोपऱ्यात मी मोबाईलवर अर्ज भरायला बसलेली. जिच्या सुनेचं नाव राहिलं असेल त्या सासूला यमुताई सगळ्यांसमोर विचारायच्या, "काहून वं, सुनेले अजून पाहुणीच समजतेस का?" मग काय, सासवाच सुनांना हाताला धरून माझ्यापुढे आणून बसवू लागल्या. महिनाभर चपला झिजवून झालं नाही ते एका संध्याकाळी झालं. मी भलतीच फुशारले.

तेवढ्यात अदिती नावाच्या नव्या नवरीने विचारलं, "मॅडम, तुमचं तं इथंच असन ना नाव?" मी घाईने तिळाचा लाडू तोंडात कोंबला. पण यमुताई गप्प बसतात होय! "हिचं? हे तं अजून माहेरी खापरखेड्याले जाते मत द्याले! लग्नाले वीस वर्षं झाली!" बायका हसून हसून लोळल्या. तुझे जावईबापू तर नेहमीच ऐकवतात, नळाला पाणी नाही सक्करदऱ्यात आणि ही आमदार निवडते खापरखेड्याचा.

भाऊ, बाबा होते तेव्हा मतदानाच्या दिवशी सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसायचे आणि वहिनीला वडाभात करायला लावायचे. ते गेल्यावरही मी नाव हलवलं नाही. तासाभराची वाट, पण सहज ये म्हणून तू बोलवत नाहीस आणि बोलावल्याशिवाय मला येववत नाही. निवडणूक आली की मात्र तुझा आपणहून फोन, "येतेस ना वं?" तेवढं ऐकायला मी ते नाव तिथे ठेवलं होतं.

काल मी नाव इकडे आणायचा अर्ज केला. आता तिकडच्या यादीतून ते निघेल. यापुढे मला माहेरी बोलवायला सरकार तारीख काढणार नाही, ती तुलाच काढावी लागेल. लवकर काढ, आणि वहिनीला वडाभाताचं आत्ताच सांगून ठेव.

तुझीच,
आता तुमच्या गावची मतदार नसलेली बहीण,
वंदना